माघात केळनेच्या काठानं

हरभऱ्याच्या रानातून सकाळी सातच्या सुमाराला चालत गेलं की पायाला आधी दव लागतं आणि मग आंब. दव ऊन चढलं की सुकून जातं. आंब राहते. पाय खरचटलेला असेल तर तिथे चुरचुरते, रोज भिजणाऱ्या साडीचा काठ विटवते आणि ओलं बोट जिभेला लावलं तर आंबटढाण लागते. जाफराबादेच्या शिवारात माघातली सकाळ अशी पायांपासून सुरू होते.

संपादकांनी यंदा विषय दिला होता ‘बारकाईनं पाहणं’. असा विषय हाती आला की मन सह्याद्रीकडे, पावसाकडे, कासच्या पठाराकडे धावतं. मी जाफराबाद निवडलं आणि महिना निवडला माघ. त्या दिवसांत मराठवाड्याच्या या कोपऱ्यात बघायला काही नसतं, असं बहुतेकांना वाटतं. खरीप केव्हाच उठलेलं असतं. तुरीच्या तुराट्या आणि कपाशीच्या पऱ्हाट्या बांधाला रचलेल्या असतात. गवत वाळून पांढरं पडलेलं, ओढे आटत आलेले, डोंगर नाही, जंगल नाही. पण पानं गळाल्यावर झाडाची घडण दिसते आणि पाणी उतरल्यावर नदीचा तळ दिसतो. पावसाळ्यात जे झाकलेलं असतं ते हिवाळ्याच्या शेवटी उघडं पडतं, म्हणून बारकावे पाहायला यासारखा काळ नाही.

जागा समजून घ्यायला फार वेळ लागत नाही. अजिंठ्याच्या डोंगररांगेकडून आलेली केळना भोकरदनवरून उतरते आणि जाफराबादेत पूर्णेला मिळते. पूर्णा इथून बुलडाणा जिल्ह्यात शिरते, खडकपूर्णेच्या धरणात थांबते आणि पुढे येलदरी, सिद्धेश्वर ओलांडून गोदावरीला जाते. तालुका जालन्याचा असला तरी हद्दीपलीकडे विदर्भ आहे. बोलण्यातही मराठवाडी आणि वऱ्हाडी सरमिसळ ऐकू येते.

या काठानं चालताना एक गोष्ट माझ्या मनात पक्की होत गेली. इथली माणसं निसर्गाचे बारकावे विरंगुळा म्हणून पाहत नाहीत. ते पाहण्यावर त्यांचं पीक, पाणी आणि मजुरी चालते. हे ज्ञान आहे आणि ते ज्ञान म्हणून मोजलं गेलं पाहिजे.

आंब आणि अळी

हरभऱ्याचं एक झाड उन्हाकडे आडवं धरून पाहावं. पानांवर, देठांवर, घाट्यांवर बारीक केस दिसतात आणि त्यांतल्या कितीतरी केसांच्या टोकाला चमकणारा थेंब असतो. टोकाशी असलेल्या सूक्ष्म ग्रंथींतून तो पाझरतो. त्यात मुख्यतः मॅलिक आणि ऑक्झॅलिक ही आम्लं असतात. पानं कुरतडणाऱ्या पुष्कळ किडी हरभऱ्याच्या वाटेला जात नाहीत, याचं मोठं कारण हे थेंब, म्हणजेच आंब.

जुन्या बायका पहाटे स्वच्छ पांढरं फडकं पिकावरून अलगद फिरवत, दवासकट आंब टिपून घेत आणि फडकं भांड्यात पिळत. ती आंब बाटलीत भरून ठेवली जाई आणि पोट बिघडलं, अपचन झालं की चमचाभर दिली जाई. बांधावर भेटलेल्या एका आजीला मी विचारलं, तर त्या म्हणाल्या, “आता कोण काढतंय बाई? फवारणी झालेल्या रानातली आंब लेकराला द्यायची कशी?” एक घरगुती औषध का मागं पडलं, याचं उत्तर त्या एका वाक्यात होतं.

आंब असूनही घाटे अळी येतेच. ऑक्झॅलिक आम्लानं तिची वाढ मंदावते, थांबत नाही. तिचा पतंग कोवळ्या शेंड्यावर एकेक अंडं सुटं घालतो. ते जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचं, पिवळसर पांढरं असतं. अळी लहान असते तेव्हा पान खरवडते आणि त्या जागी पांढुरका पापुद्रा उरतो. मोठी झाली की घाट्याला गोल भोक पाडते आणि डोकं आत, अर्धं शरीर बाहेर ठेवून दाणा खाते. ज्याला पांढुरका पापुद्रा वेळेवर दिसला, त्याचं पीक वाचतं. ज्याला थेट भोकं दिसली, त्याला उशीर झालेला असतो.

कृषी खात्याचा सल्लाही शेवटी पाहण्याचाच आहे. कामगंध सापळ्यात सलग दोन-तीन दिवस आठ-दहा पतंग आले किंवा ओळीच्या एका मीटरमध्ये एक-दोन अळ्या दिसल्या की उपाय करायची वेळ झाली, असं मानतात. त्यासाठी कुणीतरी रोज सकाळी वाकून ओळ तपासावी लागते. शिवारात जागोजागी काठ्यांचे पक्षी थांबे रोवलेले दिसतात. काही जण पेरतानाच हरभऱ्यात ज्वारीचे थोडे दाणे मिसळतात. ती ताटं वाढून उभी राहिली की पाखरांना बसायला जागा होते आणि थांबे रोवायची गरज उरत नाही. कोतवाल तिथे बसून खाली पाहतो, झेपावतो आणि अळी घेऊन परत त्याच ताटावर येतो. तो पुन्हा पुन्हा जिथे उतरतो तिथे अळी जास्त, हे शेतकऱ्याला ठाऊक असतं. एक आजोबा मला थांबवून म्हणाले, “त्या कोपऱ्यात बघा, कोतवाल कालपासून तिथंच उतरतोय. आभाळ आलं होतं ना परवा. आंब धुतली गेली की अळी मातते.”

भेगांचा हिशेब

हरभऱ्याच्या पलीकडे ज्वारीचं एक रान उभं होतं. या भागात रब्बी ज्वारीचं क्षेत्र कमी होत गेलं आहे. तिची जागा गहू, हरभरा, मका यांनी घेतली. पण ज्यांच्याकडे भारी काळी जमीन आणि दावणीला गुरं आहेत, ते कडब्यासाठी तरी ज्वारी पेरतात.

ज्वारीच्या दोन ताटांमध्ये खाली पाहिलं तर जमीन फाटलेली दिसते. कुठे बोट जाईल एवढी भेग, कुठे अख्खा पंजा. बेसाल्ट झिजून झालेल्या या मातीत स्मेक्टाइट गटातली चिकणमाती भरपूर असते. ती पाणी प्यायली की फुगते आणि पाणी गेलं की आकसते. भेगेची रुंदी म्हणजे जमिनीनं किती ओल गमावली याची खूण. परतीचा पाऊस थांबल्यावर ज्वारीला बहुतेक वेळा वरून पाणी मिळत नाही. पुढचे चार महिने ती मातीत साठलेल्या ओलीवर काढते. भेग पडली की दोन गोष्टी होतात. खोलवरची ओल वाफ होऊन उडू लागते आणि आडवी पसरलेली मुळं तुटतात.

म्हणून जुने शेतकरी रब्बीत तण नसतानाही कोळपणी करतात. कोळप्यानं वरचा थर भुसभुशीत झाला की माती भेगेत उतरते आणि तोंड बुजतं. एक कोळपणी म्हणजे अर्धं पाणी, हा हिशेब इथे सगळ्यांना पाठ आहे. तो नुसता पाठ असून भागत नाही. भेग केसाएवढी असताना औत धरावं लागतं. ती बोटाएवढी झाल्यावर निम्मी ओल गेलेली असते. तेव्हा कोळपणी कधी करायची, हे दिनदर्शिका सांगत नाही. रोज रानातून फिरणारी नजर सांगते.

भेगांत वस्तीही असते. विंचू, गोम, रातकिडे, सरड्यांची पिल्लं त्यांत उन्हापासून लपतात. दुपारी एका भेगेच्या तोंडाशी मुंग्यांची रांग ज्वारीच्या दाण्याचं टरफल बाहेर टाकत होती. आत दाणे साठवणारं वारूळ होतं.

दुपारचं ऊन यंदाही लवकर तापू लागलं होतं. भारतीय हवामान विभागाच्या १९०१ पासूनच्या नोंदींत २०२३चा फेब्रुवारी कमाल तापमानाच्या सरासरीत देशातला सर्वांत उष्ण ठरला आणि २०२५च्या फेब्रुवारीनं दिवस-रात्रीच्या सरासरी तापमानाचा विक्रम केला. हे आकडे शिवारात गव्हावर वाचता येतात. दाणा भरायच्या दिवसांत उष्णता वाढली की ओंबी वरून पिवळी पडते आणि देठ मात्र हिरवा राहतो. वरच्या, ओंबीलगतच्या पानाचं टोक आधी करपतं. ओंबी तळहातावर चोळली की दाणा सुरकुतलेला, हलका निघतो. बाजारात पोतं वजनाला कमी भरतं, पण शेतकऱ्याला ते तीन आठवडे आधी पानाच्या टोकावर दिसलेलं असतं.

बाभळीवर राहिलेला पावसाळा

विहिरीवर झुकलेल्या एका बाभळीला सुगरणीची घरटी लोंबत होती. माघात ती रिकामी असतात, म्हणून नीट पाहता येतात. काही पूर्ण होती, लांब नळीसकट. काही अर्धवट, घंटेच्या आकारावर थांबलेली. नर पावसाळ्यात घरटं इथवर विणतो आणि मादी येऊन पाहते. तिला पसंत पडलं तर पुढची नळी विणली जाते. नाही पडलं तर तो ते तसंच सोडून दुसरं सुरू करतो. अर्धवट घरटी मोजली की त्या झाडावर किती नकार पचवले गेले, ते कळतं.

त्याहून मोठी गोष्ट घरट्यांच्या दिशेत आहे. बहुतेक घरटी झाडाच्या पूर्वेच्या अंगाला होती. मोसमी वारा नैर्ऋत्येकडून, पश्चिमेकडून येतो. त्याचा मारा खोडानं आणि फांद्यांनी अडवावा, म्हणून सुगरणी आडोशाची बाजू धरतात. देशात अनेक ठिकाणी पक्षी अभ्यासकांनी हे नोंदलं आहे. मागच्या आषाढात वारा कुठून वाहत होता, हे माघातल्या बाभळीवर अजून वाचता येतं.

रिकामी घरटीही पूर्ण रिकामी नसतात. एका नळीतून साध्या मनोलीची जोडी आत-बाहेर करत होती. सुगरणीनं सोडलेलं घरटं ही पाखरं राहायला, कधी अंडी घालायलाही वापरतात. तेव्हा सरपणासाठी बाभूळ छाटताना घरट्यांची फांदी ठेवावी. तेवढं पाहून कोयता चालवणारी माणसं मी इथे पाहिली.

त्याच बाभळीच्या खालच्या काट्यावर एक नाकतोडा टोचलेला होता. हे काम खाटीक पक्ष्याचं. त्याची चोच आकड्यासारखी वळलेली असते, पण पायांत ससाण्याची ताकद नसते. शिकार पायात धरून फाडता येत नाही, म्हणून तो ती काट्यात अडकवतो आणि मग तुकडे काढतो. भूक भागली असेल तर उरलेलं तिथेच ठेवतो. कुंपणाच्या काट्यांवर नजर फिरवत गेलं की नाकतोडे, भुंगेरे, कधी पालीचं पिल्लू सापडतं. बांधावरची बाभूळ आणि बोर काढून तारेचं कुंपण आलं की खाटकाची ही सोय जाते. शेतातले नाकतोडे खाणारा एक गडी कमी होतो, आणि तो का कमी झाला हे कुणाच्या लक्षातही येत नाही.

पळस आणि भोरड्या

नदीच्या वाटेवर पळसाची झाडं सुरू होतात. पळसाला पानं तीनच, हे आपण बोलताना म्हणतो. माघाच्या अखेरीला ती तीनही नसतात. फांद्या उघड्या असतात आणि त्यांवर काळपट तपकिरी, मखमली कळ्यांचे घोस येतात. फुलाचा केशरी रंग दुरून दिसतो. कळीचा काळा रंग जवळ गेल्याशिवाय दिसत नाही, आणि पळस कधी फुलणार हे तीच सांगते. एका झाडावर कळ्या अजून घट्ट मिटलेल्या होत्या. शेजारच्या, दक्षिणेकडे मोकळ्या असलेल्या झाडावर पहिल्या पाकळ्या बाहेर आल्या होत्या. दोन्ही झाडं एकाच बांधावरची.

पळसाचं फूल चोचीसारखं वाकलेलं असतं आणि मध तळाशी असतो. तो प्यायला मैना, कोतवाल, शिंजीर येतात, खारी येतात. या दिवसांत सर्वांत मोठा गलका भोरड्यांचा असतो. गुलाबी अंगाच्या, काळ्या डोक्याच्या या पाखरांचे थवे एका झाडावरून दुसऱ्यावर आदळतात. मध्य आशिया आणि त्याच्याही पश्चिमेकडच्या गवताळ प्रदेशांत त्यांची वीण होते. पावसाळ्यातच ती आपल्याकडे येऊ लागतात आणि एप्रिलपर्यंत परततात. दुर्बिणीतून पाहिलं तर एकेकीच्या कपाळावर पराग माखलेले दिसतात. पळसाचं बी धरायला जे परपरागीभवन लागतं, त्यातलं काही या पाहुण्यांच्या कपाळावरूनही होत असावं. पुढे पळसाला चपटी शेंग लागते आणि तिच्या अगदी टोकाला एकच बी असतं. बाकीची शेंग वाऱ्यावर तरंगायला पंख म्हणून उपयोगी पडते.

ज्वारीवाल्यांना भोरडी आवडत नाही. हुरड्यावर आलेल्या रानात थवा उतरला तर कणसं रिकामी करून जातो. त्यासाठी रानात माळा घालून, गोफण घेऊन उभं राहायचं काम पिढ्यान्‌पिढ्या चाललं. पण हेच पाखरू विणीच्या काळात मुख्यतः टोळ आणि नाकतोडे खातं. चीनच्या शिनजियांग भागात टोळांचा बंदोबस्त व्हावा म्हणून भोरड्यांसाठी दगडांची घरटी मुद्दाम रचून दिली जातात. आपल्या रानातून जिला गोफणीनं हाकलतात, तिलाच हजारो किलोमीटर पलीकडे घर बांधून देतात. पाखरू तेच असतं. आपण वर्षाचा कोणता तुकडा पाहतो, त्यावर आपलं मत बनतं. ते पुरतं बनवायचं तर बारा महिने पाहावं लागेल.

नदीचा उतार

केळनेत पाणी होतं, पण वाहतं नव्हतं. डोह साठून राहिले होते आणि मध्ये वाळूचे पट्टे उघडे पडले होते. ओल्या वाळूवर रात्रीची सगळी ये-जा उमटलेली असते. धोबी पक्ष्याची नाजूक पावलं, पाण्याच्या कडेकडेनं. मुंगसाची सरळ रेघ, कुठेही न थांबता एका काठावरून दुसऱ्याकडे. बगळ्याचे लांब बोटांचे ठसे आणि जिथे ते थांबतात तिथे वाळूत टोचलेलं भोक. त्यांमध्ये विखुरलेल्या गारगोट्या. बेसाल्टचा लाव्हा थंड होताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले, त्या पोकळ्यांत पुढे गारेचे आणि झिओलाइटचे स्फटिक वाढले. खडक झिजला, गार टिकली आणि नदीनं ती वाहून आणली. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्यातल्या पोकळीचा आकार आज हातात धरता येतो.

याच नदीच्या वरच्या अंगाला आसई आहे. २३ सप्टेंबर १८०३ रोजी तिथे दौलतराव शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्या फौजांशी आर्थर वेलस्लीची लढाई झाली. मराठ्यांचं सैन्य केळना आणि जुई या नद्यांच्या दुबेळक्यात उभं होतं. वेलस्लीला नदी ओलांडायची होती आणि जवळ उतार नाही, असं वाटाडे ठामपणे सांगत होते. त्याला नदीच्या दोन काठांवर समोरासमोर दोन गावं दिसली, पिंपळगाव आणि वरूड. समोरासमोरची गावं एकमेकांकडे ये-जा करत असणारच, तेव्हा मध्ये उतार असणारच, असा अंदाज त्यानं बांधला. तो खरा निघाला. फौज तिथून पार झाली. त्या दिवशी हजारो माणसं मेली आणि जखमी झाली आणि दख्खनच्या राजकारणाचा तोल फिरला. पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झालेला हा सेनापती म्हातारपणीही आसईलाच आपली सर्वांत चांगली लढाई मानत असे.

त्यानं जे ताडलं ते या काठावरच्या गुराख्याच्या पोरालाही ठाऊक असतं. माघात ते उघडच दिसतं. दोन्ही दरडी एकाच जागी तासलेल्या, गाडीच्या चाकोऱ्या पाण्यात शिरून पलीकडे निघालेल्या, दोन्ही बाजूंना शेण. पात्र तिथे रुंद होतं आणि पाणी पातळ पसरतं. नदीचं नीट निरीक्षण ही लहान गोष्ट नाही. ते ज्याच्याकडे असतं, त्याच्याकडे सत्ता जाते. म्हणून ते गावाकडे राहिलं पाहिजे.

आज ते सर्वांत जास्त वाळूच्या बाबतीत लागतं. वाळूच्या कणांमध्ये पाणी साठतं. नदी वरून कोरडी दिसत असली तरी हातभर उकरलं की झिऱ्याला पाणी येतं, काठच्या विहिरींना पाझर मिळतो. वाळू बेसुमार उपसली की तळाचा खडक किंवा चिकण माती उघडी पडते आणि नदी पाणी धरून ठेवायचं सोडते. पूर्णा-केळनेच्या पट्ट्यात हा उपसा अनेक वर्षांचं दुखणं आहे. उपशाच्या जागा ओळखायला कागद लागत नाही. तिथल्या खड्ड्यांच्या कडा उभ्या असतात, टायरच्या खुणा रात्रीच्या असतात, पाखरांच्या पावलांच्या खाली नसून वर असतात. आणि तिथे झिरा कुणीच काढलेला नसतो, कारण पाणी लागत नाही.

शेडनेटमधल्या बायका

संगमापासून दूर जाऊ लागलं की हिरव्या-पांढऱ्या जाळीचे मांडव दिसतात. जालना बियाण्यांचं गाव म्हणून देशभर ओळखलं जातं. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये तिथे महिको सुरू केली आणि १९९८ मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. त्या धंद्याचा विस्तार होत होत जाफराबाद आणि शेजारच्या देऊळगाव राजाच्या परिसरात शेडनेटमधलं भाजीपाला बीजोत्पादन रुजलं. मिरची, ढोबळी मिरची, टोमॅटो, काकडी यांचं संकरित बी इथे हातानं तयार होतं.

हातानं म्हणजे कसं, ते माघात विचारावं. क्रॉसिंगचा, म्हणजे हातानं संकर करण्याचा, हंगाम सरलेला असतो, शेवटची फळं झाडावर पिकत असतात आणि बायांना बोलायला थोडी सवड असते. एका शेडमध्ये मिरचीच्या लाल फळांच्या देठांना दोऱ्याचे तुकडे बांधलेले होते. त्या दोऱ्यांमागं सगळी विद्या होती.

मिरचीच्या फुलात नर आणि मादी दोन्ही भाग असतात, आणि फूल उमललं की त्याचा पराग त्याच्याच कुक्षीवर पडतो. संकरित बी हवं तर हे होण्याआधी परागकोश काढून टाकावे लागतात. कळी फार लहान असली तर चिमटा लागून मरते. फार मोठी झाली तर आत पराग सांडून गेलेला असतो. उद्या सकाळी उमलेल अशीच कळी आज निवडावी लागते. एका मावशींनी मला सांगितलं, “ताई, पाकळी हिरवी सोडून पांढरी व्हायला लागते ना, पण तोंड उघडलेलं नसतं, ती घ्यायची. आतली पुडी फुटलेली दिसली की टाकून द्यायची.” मग चिमट्यानं पाकळ्या दूर करून परागकोश एकेक उचलायचे, कुक्षीला धक्का लागू द्यायचा नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी नर ओळीतला पराग तिच्यावर लावायचा आणि देठाला दोरा बांधायचा. दोरा नसलेलं फळ बियाण्यात जात नाही.

एक चूक म्हणजे एक खोटं फळ आणि त्यातल्या बिया दुसऱ्या कुणाच्या तरी शेतात चुकीचं झाड होऊन उगवतात. कंपनी बियाण्याची शुद्धता तपासते आणि ती कमी भरली तर शेतकऱ्याचं पूर्ण उत्पादन नाकारलं जाऊ शकतं. एवढी जबाबदारी ज्या नजरेवर उभी आहे ती नजर शेतमजूर बायकांची आहे. काही मिलिमीटरच्या कळीचा रंग किती उतरला, यावर देशातल्या भाजीच्या वाफ्याचा भरवसा असतो. हंगामात एक बाई दिवसभरात शेकडो कळ्या तपासते. इतक्या बारकाईनं निसर्ग पाहणारा वर्ग आपल्या राज्यात दुसरा कोणता आहे, मला माहीत नाही. त्यांच्या मजुरीत मात्र दिवस मोजला जातो, कसब क्वचितच.

शेडच्या बाहेर, उघड्यावर, बियाण्याचा कांदा फुलला होता. त्याचे पांढरे गोंडे डेंगळ्यांवर उभे होते. कांद्याच्या एकेका फुलात पराग आधी झडतो आणि कुक्षी नंतर तयार होते. त्यामुळे फूल स्वतःचं स्वतः भागवू शकत नाही, त्याला मधमाशी हवी. गोंड्याजवळ थांबलं की कोण काम करतंय ते दिसतं. मोठी आग्या, मधली सातेरी, अगदी लहान फुलोरी आणि शिवाय माश्या. ज्या प्लॉटजवळ बांधावर झाडं आहेत तिथे गुणगुण होती. मोकळ्या पट्ट्यात गोंडे तसेच पांढरे, पण शांत. एका शेतकऱ्यानं फवारणी संध्याकाळवर ढकलली होती, कारण सकाळी माशी कामावर असते. कांद्याचं बी पुढे नीट भरेल की नाही, हे त्याला आत्ताच, गोंड्यावर कान ठेवून कळत होतं.

वही

हे सगळं पाहणं आज माणसांच्या डोक्यात आहे आणि माणसांबरोबर जातं. आंब टिपणाऱ्या बायका कमी झाल्या तशी आंबही गेली. पळस एका बांधावर कधी फुलला, भोरड्यांचा शेवटचा थवा कधी दिसला, नदीचा झिरा कोणत्या महिन्यात आटला, याची जाफराबादेत लिहिलेली नोंद हाती लागत नाही. ऊन लवकर तापू लागलं आहे, असं सगळेच म्हणतात. पण आपल्या शिवारात किती लवकर, ते सांगायला मागची तारीख लागते.

जगात अशा नोंदींनी मोठी कामं केली आहेत. जपानमधल्या क्योटोत चेरी कधी फुलते, याच्या नोंदी नवव्या शतकापासून मिळतात. हवामान कसं बदललं ते आज त्यांवरून मोजता येतं. इंग्लंडमधल्या नॉरफोकमध्ये रॉबर्ट मार्शम नावाच्या जमीनदारानं १७३६ पासून पहिलं फूल, पहिलं पान, पहिल्या बेडकाचा आवाज लिहून ठेवायला सुरुवात केली आणि त्याच्या घराण्यानं पुढे ते चालू ठेवलं. दोन्ही नोंदींना कसलंही यंत्र लागलं नाही. दरवर्षी फेब्रुवारीच्या मध्यात चार दिवस जगभर घराजवळचे पक्षी मोजतात. भारत २०१३ पासून त्यात आहे. जाफराबादचे लोक त्यात उतरले तर भोरड्यांची माघातली हजेरी एकट्या तालुक्याच्या आठवणीत राहणार नाही.

मला वाटतं, तालुक्यातल्या प्रत्येक शाळेनं एक वही करावी. शाळेजवळचा एक पळस, एक कडुनिंब, एक पिंपळ आणि नदीतला एक झिरा निवडावा. पहिली कळी, पहिलं फूल, पानगळ, नवी पालवी, पाण्याची पातळी, एवढंच तारखेसह लिहावं. दरवर्षी तीच झाडं, तीच जागा. दहा वर्षांनी ही वही कृषी विज्ञान केंद्राला उपयोगी पडेल, पीक विम्याच्या वादात उपयोगी पडेल आणि वाळूच्या तक्रारीतही. शिवार किती बदललं, हे सांगायला गावाला बाहेरच्या माणसाची वाट पाहावी लागणार नाही.

आणि या वहीचे पहिले शिक्षक गावातच आहेत. कोतवालाची जागा ओळखणारे आजोबा आहेत, केसाएवढी भेग दिसताच औत काढणारा शेतकरी आहे. सर्वांआधी शेडनेटमध्ये काम करणाऱ्या बायका आहेत. उद्या उमलणारी कळी आज कशी ओळखायची, हे त्यांच्याइतकं कुणाला येत नाही. शाळेनं त्यांच्यापैकी एकीला वर्गात बोलवावं, मुलांच्या हातात भिंग आणि मिरचीचं फूल द्यावं आणि तिला शिकवू द्यावं. बोलवायचं ते शिक्षिका म्हणून, आणि तिला त्या दिवसाचं मानधन शिक्षिकेसारखंच द्यावं.